काळे कुंकू आणि तांबडा दिवा : छायाचित्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात छायाचित्रण आणि कॅमेरा या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आली. त्यांतील निम्म्याहून अधिक ‘कोणता मोबाइल घ्यावा’ अशा स्वरूपाची होती; त्यांना येथे उत्तर देता येत नाही, कारण हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत त्यांतले निम्मे मोबाइल दुकानाच्या काचेतून उतरलेले असतील. उरलेल्या पत्रांतून आठ निवडली आहेत. उत्तरे देणाऱ्याने धुळ्याच्या एका स्टुडिओत अंधारखोलीची उमेदवारी केली आणि पुढे अनेक वर्षे स्वतःचा स्टुडिओ चालवला, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उत्तरांत हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, वास जास्त का येतो ते कळेल.

प्रश्न (अमळनेर, निवृत्त शिक्षिका) : आमच्या घरी आजी-आजोबांचा १९३० च्या आसपास स्टुडिओत काढलेला फोटो आहे. त्यात आजीच्या कपाळावरचे कुंकू अगदी काळे दिसते, जणू बुक्का लावला आहे. शिवाय दोघेही कोणी दटावून बसवल्यासारखे ताठ आहेत. त्या काळी फोटोत हसायला बंदी होती का?

उत्तर : आधी कुंकवाचे पाहू. काचेवर किंवा फिल्मवर जो लेप असतो त्यातील चांदीचे क्षार मुळात फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ओळखतात. हिरवा, पिवळा आणि तांबडा प्रकाश त्यांच्या लेखी अंधारच असतो. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला असे आढळले की लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर तो हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही जागा होतो. अशा लेपाला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणू लागले. तांबड्याला मात्र तो आंधळाच राहिला. सर्व रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ च्या सुमारास विक्रीला आल्या, तरी छोट्या गावांतील स्टुडिओंनी पुढे कित्येक वर्षे जुनी ऑर्थो प्लेटच वापरली. कुंकवावरून परावर्तित झालेला तांबडा प्रकाश त्या प्लेटपर्यंत पोचला, पण प्लेटने त्याची दखल घेतली नाही. नेगेटिव्हवर, म्हणजे उलट्या छटांच्या मूळ चित्रावर, ती जागा कोरी राहिली आणि कागदावर काळी उमटली. त्याच कारणाने जुन्या फोटोंतील आभाळ नेहमी पांढरेफटक असते, कारण निळ्या रंगाचा त्या लेपावर फार जास्त परिणाम होई. सावळ्या माणसांची त्वचा प्रत्यक्षापेक्षा अधिक काळी दिसते तीही याच दोषामुळे, आणि मग स्टुडिओवाले पावडरचा डबा पुढे करीत.

स्टुडिओवाले ही प्लेट सोडायला तयार का नव्हते, याचे उत्तर अंधारखोलीतल्या तांबड्या दिव्यात आहे. लेप तांबड्याला आंधळा असल्यामुळे त्या दिव्याच्या उजेडात प्लेट डोळ्यांनी पाहत पाहत धुता येत असे. चित्र पुरेसे उमटले की बाहेर काढायची. पॅनक्रोमॅटिक प्लेट मात्र पूर्ण काळोखात, घड्याळाच्या भरवशावर धुवावी लागते. आजींचे कुंकू काळे करणारा दोष आणि फोटोवाल्याला उजेड देणारी सोय ही एकच गोष्ट आहे.

आता ताठपणाविषयी. १८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांची पद्धत जाहीर झाली तेव्हा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. १८४० मध्ये योझेफ पेट्झवाल यांनी अधिक प्रकाश आत घेणारे भिंग गणिताने सिद्ध केले, रसायनेही सुधारली, आणि काम मिनिटाच्या आत होऊ लागले. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आकडा लावत. परंतु १९३० पर्यंत जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा येऊन अर्धशतक उलटले होते, आणि उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडातही एक-दोन सेकंद पुरत. तेवढा वेळ कोणालाही हसता आले असते. तेव्हा आजी-आजोबांच्या गांभीर्याचा दोष कॅमेऱ्याला देऊ नये असे मला वाटते. फोटो हा आयुष्यात एखाद्या वेळी काढायचा, तो भिंतीवर देवांच्या शेजारी लागायचा, आणि वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने शेजारी बसणे हेच आधी अवघड. त्यात हसणार कोण?

प्रश्न (भुसावळ, रेल्वे कर्मचारी) : अजिंठ्याचे पहिले फोटो काढणाऱ्या इंग्रजाची कबर आमच्या भुसावळात आहे असे ऐकतो. हे खरे आहे का?

उत्तर : कबर आहे, आणि ती मेजर रॉबर्ट गिल यांची आहे. ‘पहिले’ हा शब्द मात्र मी वापरणार नाही. अजिंठा अगदी सुरुवातीला कॅमेऱ्यात पकडणाऱ्यांपैकी ते एक, एवढे म्हणणे रास्त होईल. गिल मद्रासच्या लष्करातील अधिकारी होते आणि उत्तम चित्रकार होते. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले, आणि त्यानंतरचे जवळजवळ सगळे आयुष्य त्यांनी त्या दरीच्या आसपास घालवले. १८७९ मध्ये आजारी अवस्थेत भुसावळकडे नेत असताना ते वारले.

त्यांच्या कामाची कहाणी छायाचित्रणाच्या इतिहासाशी फार नेमकी जुळते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. वर्षानुवर्षे खपून गिल यांनी मोठमोठ्या तैलचित्रांत ज्या नकला केल्या, त्या लंडनला पाठवण्यात आल्या आणि क्रिस्टल पॅलेस या काचेच्या महालात मांडल्या गेल्या. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक चित्रे जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. अजिंठ्याच्या भिंतींनी दीड हजार वर्षांहून अधिक काळ वटवाघळे आणि ओल सोसली, आणि त्यांच्या नकला लंडनच्या सुरक्षित दालनांत राख झाल्या.

गिल यांनी मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता. दोन डोळ्यांनी पाहिल्यासारखी खोली दाखवणारी जोडचित्रे, म्हणजे स्टिरिओ फोटो, त्यांनी काढले, आणि १८६४ मध्ये ती जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. ते पुस्तक आगीच्या आधीच अनेक घरांत आणि ग्रंथालयांत जाऊन पडले होते. रंगवलेले चित्र एकच असते. नेगेटिव्ह असले की हव्या तितक्या प्रती निघतात. ही कल्पना इंग्लंडच्या विल्यम फॉक्स टॅलबट यांची. दागेर यांच्या पत्र्यावरचे चित्र सुंदर, पण एकमेव असे. टॅलबट यांनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत कागदी नेगेटिव्हवरून प्रती काढता येत. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी कागदाऐवजी काच आणि तिच्यावर कोलोडियनचा लेप सुचवला, आणि चित्रे लख्ख झाली.

त्या कोलोडियनचा त्रास खानदेशच्या माणसालाच नीट समजेल. कोलोडियन म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला, आम्लाने प्रक्रिया केलेला कापूस. काचेवर ओतायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायचा, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि वाळण्यापूर्वी धुवायचा. विलायतेत यासाठी दहा-पंधरा मिनिटे मिळत. आपल्या वैशाखात तो लेप किती वेळ ओला राहील याचा अंदाज आपणच करावा. शिवाय अंधारखोलीचा तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हे सगळे बैलगाडीतून घेऊन हिंडायचे. भुसावळच्या त्या कबरीपाशी आपण कधी गेलात तर हे एवढे लक्षात असू द्यावे.

प्रश्न (धुळे, स्टुडिओ व्यवसायातील दुसरी पिढी) : माझे वडील उन्हाळ्यात फोटो धुण्याचे काम रात्री बारानंतरच करीत आणि बर्फाची लादी मागवून ठेवत. डबल काम म्हणून आई चिडत असे. याला काही शास्त्रीय कारण होते की नुसती सवय?

उत्तर : कारण पूर्णपणे शास्त्रीय होते, आणि आपल्या वडिलांनी कित्येक लग्ने त्यामुळे वाचवली असतील. कोलोडियनचा ओला व्याप सुटला तो जिलेटिनमुळे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी, ईथरच्या वाफांनी प्रकृती बिघडते म्हणून, कोलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिले. ते सुकले तरी काम करते, म्हणून प्लेट महिनोन्महिने डब्यात ठेवता येते. पुढील दहा वर्षांत कारखान्यात बनवलेल्या कोरड्या प्लेटा सर्वत्र झाल्या. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात. त्याची एक गंमत सांगायला हवी. काही जिलेटिनच्या फिल्म इतरांपेक्षा जास्त तेज, म्हणजे कमी उजेडातही चित्र टिपणाऱ्या, का असतात, याचा शोध कोडॅक या फिल्म बनवणाऱ्या कंपनीचे सॅम्युएल शेपर्ड घेत होते. १९२५ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की त्यात गंधकाचे अंश असतात आणि ते गाईगुरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतून येतात. चाऱ्यातली मोहरी अशी फोटोपर्यंत पोचलेली होती.

आता मूळ मुद्दा. जिलेटिन पाण्यात फुगते आणि गरम पाण्यात विरघळते. हे घरी जेली करणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. डेव्हलपरचे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचे, सूत्र जगभर २० अंश सेल्सियस धरून लिहिलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतील पाण्याने हात भाजतो, आणि जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जाणे नवलाचे नाही. अशा पाण्यात दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे रासायनिक क्रिया इतकी झपाट्याने होते की चित्र हाताबाहेर काळे पडते. दुसरी जास्त वाईट: लेप मऊ पडतो, कडेने सुटू लागतो, आणि शेवटी सगळाच निसटतो. थंड डेव्हलपरमधून काढून एकदम कोमट पाण्यात घातला तर त्यावर सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी, मालक जेवायला गेलेले असताना, भर दुपारी लग्नाचा एक रोल मी हौसेने धुवायला घेतला. धुण्याच्या पाण्यात दुधावरची साय सरकावी तसा लेप सरकला आणि माझ्या हाती स्वच्छ, पारदर्शक, कोरी पट्टी उरली. मालकांनी आवाज चढवला नाही. ते स्वतः लग्नघरी गेले, नवरा-नवरीला पुन्हा मुंडावळ्या बांधून बसवले आणि दहा-बारा फोटो नव्याने काढले. त्या फोटोंत वऱ्हाड नाही आणि मांडवही नाही. तेव्हापासून रात्री बाराच्या आधी मी उन्हाळ्यात डेव्हलपरच्या ट्रेला हात लावला नाही.

बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकत नसत, कारण तो वितळून द्रावण पातळ होते. मोठ्या परातीत बर्फ आणि पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवत. उष्ण प्रदेशासाठीच्या डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालण्याची पद्धत होती, त्यामुळे जिलेटिन कमी फुगते. हायपोमध्ये, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, तुरटी मिसळत. न्हाव्याची तुरटी कातडीवर जे करते तेच ती जिलेटिनवर करते, त्याला आकसून कडक बनवते. हायपोचे खडे पाण्यात विरघळताना पाणी आपोआप गार पडते, त्याचाही आम्ही फायदा घेत असू. त्या हायपोचा उपयोग इंग्लंडचे जॉन हर्शेल यांनी सांगितला. १८१९ मध्येच त्यांना कळले होते की ते चांदीचे क्षार विरघळवते, आणि वीस वर्षांनी छायाचित्रण जन्माला आले तेव्हा ही माहिती हाताशी तयार होती. ती नसती तर फोटो उजेडात नेताच काळे पडले असते.

सुकवण्याचा विषय काढला तर हे उत्तर संपणार नाही. उन्हाळ्यातल्या वावटळीत ओला रोल दोरीवर टांगणे म्हणजे त्यावर गावची धूळ चिकटवून घेणे होय. म्हणून आम्ही खोलीभर आधी पाणी शिंपडत असू. आईंना एवढे जरूर सांगावे की वडिलांचे डबल काम नव्हते.

प्रश्न (जामनेर) : कॅमेरा स्टुडिओतून घरात केव्हा आला?

उत्तर : १८८८ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक हा हातात मावणारा कॅमेरा काढला. त्यात शंभर फोटोंचा रोल भरलेलाच येई. तो संपला की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा, तेथे फोटो धुऊन, नवा रोल भरून तो परत येई. किंमत २५ डॉलर होती. १९०० मध्ये त्यांनीच मुलांसाठी एका डॉलरचा ब्राउनी आणला. १९२५ मध्ये ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला लायका बाजारात आला आणि सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर फोटो काढण्याची रीत रूढ झाली. आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत खऱ्या अर्थाने शिरला तो आगफा क्लिक थ्री, बारा फोटोंचा रोल घेणारा साधा डबा. त्या बारांपैकी तीन-चार जत्रेचे, दोन नव्या बैलजोडीचे आणि बाकीचे बोट भिंगावर आल्यामुळे वाया गेलेले, असा हिशेब मी अनेकांचे रोल धुताना पाहिला आहे.

प्रश्न (रावेर, केळी उत्पादक) : केळीच्या पानावरील करप्याचा मोबाइलवर फोटो काढून कृषितज्ज्ञांना पाठवतो, तर ते म्हणतात की रंग नीट कळत नाही. माझा मोबाइल १०८ मेगापिक्सेलचा आहे. मग दोष कशाचा?

उत्तर : मेगापिक्सेलचा तर नक्कीच नाही. मोबाइलमध्ये प्रकाश टिपणारी चकती, म्हणजे सेन्सर, नखाएवढी असते. तिचे दहा कोटींहून जास्त तुकडे केले की प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला फार थोडा प्रकाश येतो, म्हणून अशा मोबाइलमध्ये बहुतेक वेळा नऊ तुकडे एकत्र जोडून एकच ठिपका बनवतात आणि हाती येणारा फोटो बारा मेगापिक्सेलच्या आसपासचाच असतो. मोठा आकडा पेटीवर शोभतो.

रंगाची गोष्ट जरा खोल आहे. सेन्सर स्वतः रंग ओळखत नाही, तो प्रकाश कमी की जास्त एवढेच मोजतो. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर तांबड्या, हिरव्या किंवा निळ्या रंगाच्या गाळणीचा बारीक तुकडा बसवलेला असतो. १९७६ मध्ये कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या नावे पेटंट झालेल्या मांडणीत निम्मे तुकडे हिरवे असतात, कारण माणसाचा डोळा बारकावे हिरव्यात जास्त पाहतो. ही युक्ती तशी जुनी आहे. १९०७ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी ऑटोक्रोम ही रंगीत प्लेट काढली, तीत बटाट्याच्या पिठाचे कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून काचेवर पसरलेले असत. त्या पिठाच्या जागी आता ही गाळणी आली.

प्रत्येक ठिपक्यावर एकच रंग मोजला गेला की उरलेले दोन रंग मोबाइल शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. त्यानंतर उजेड उन्हाचा आहे, सावलीचा आहे की ट्यूबलाइटचा, याचाही तो अंदाज करतो आणि त्याप्रमाणे सगळे रंग सरकवतो. केळीच्या बागेत वरून येणारा प्रकाश पानांतून गाळून हिरवा होऊन येतो, समोर सगळे हिरवेच असते, पांढरे म्हणावे असे काहीच नसते; मोबाइल गोंधळतो आणि पानाचा पिवळेपणा हिरव्यात किंवा हिरवा पिवळ्यात ढकलतो. शिवाय फोटो देखणा व्हावा म्हणून तो हिरवा रंग स्वतःहून गडद करतो, आणि करप्याच्या कडेचा तो फिकट पिवळा वलयाकार पट्टा, जो तज्ज्ञाला पाहायचा असतो, तोच बुजतो.

उपाय साधे आहेत. रोगट पान तोडून बागेबाहेर, सावलीत पण मोकळ्या आभाळाखाली आणावे. पांढऱ्या कागदावर ठेवावे आणि कागदाचा बराचसा भाग फोटोत येऊ द्यावा. पांढरे दिसले की मोबाइलचा अंदाज ताळ्यावर येतो. डागाशेजारी रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो. भिंग आधी पुसून घ्यावे. केळीच्या चिकाच्या बोटांनी हाताळलेला मोबाइल धुक्यातून पाहिल्यासारखे फोटो देतो. ‘ब्युटी’ किंवा तत्सम सोय चालू असेल तर बंद करावी. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर वाटेत तो दाबून लहान केला जातो.

प्रश्न (चाळीसगाव, महाविद्यालयीन विद्यार्थिनी) : आमच्या गावचे छायाचित्रकार केकी मूस टेबलावर देखावे रचून फोटो काढत. मला मोबाइलवर तसे करता येईल का?

उत्तर : येईल, आणि एका बाबतीत आपले काम त्यांच्यापेक्षा सोपे आहे. केकी मूस (१९१२ ते १९८९) यांनी आयुष्यातील कित्येक दशके चाळीसगावच्या स्टेशनजवळील आपल्या घरात स्वतःला कोंडून घेतले आणि जगात नाव झालेले टेबलटॉप छायाचित्रण त्या भिंतींच्या आतच केले. टेबलावर मांडलेला देखावा खऱ्या डोंगरदऱ्यांसारखा दिसायचा असेल तर पुढची वस्तू आणि मागची वस्तू दोन्ही स्पष्ट हव्यात. वस्तू भिंगाच्या जितकी जवळ, तितका स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. मोठ्या कॅमेऱ्यात हा त्रास फार. त्यावर मार्ग म्हणजे भिंगाचे छिद्र अगदी बारीक करायचे आणि कमी झालेला प्रकाश वेळ वाढवून भरून काढायचा. टेबलावरची माणसे हलत नाहीत, त्यामुळे वेळ कितीही चालतो.

मोबाइलचे भिंग इतके लहान असते की पुढचे-मागचे बऱ्यापैकी स्पष्ट आपोआपच येते. ‘पोर्ट्रेट’मधील मागचा धूसरपणा भिंग करत नाही, तो हिशेबाने केलेला असतो, तो येथे बंदच ठेवावा. बाकी सारे प्रकाशावर अवलंबून आहे. खोली अंधारी करून एकच दिवा बाजूने, टेबलाच्या पातळीपासून थोडा वर धरावा, म्हणजे राखेच्या ढिगाचा डोंगर होतो आणि बाजरीच्या कणसांचे रान होते. मोबाइल उभ्या माणसाच्या नव्हे तर देखाव्यातल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. फ्लॅश लावलात तर टेबल पुन्हा टेबल दिसेल.

प्रश्न (नंदुरबार) : आजोबांचा काळापांढरा फोटो ठणठणीत आहे, पण माझ्या १९८५ मधील लग्नाचा रंगीत अल्बम सगळा तांबूस झाला. स्टुडिओवाल्याने फसवले का?

उत्तर : बिचाऱ्याने फसवले नसावे. काळ्यापांढऱ्या फोटोतील काळा रंग म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण असतात. हायपो नीट धुऊन निघाला असेल तर धातू शंभर वर्षे सहज टिकतो. रंगीत फोटोत शेवटी चांदी उरतच नाही. १९३५ मध्ये लिओपोल्ड मान्नेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन संगीतकारांनी कोडॅकसाठी घडवलेले कोडॅक्रोम आणि १९३६ मधील आगफाची नवी रंगीत फिल्म, यांपासून पुढे बहुतेक रंगीत पद्धतींत लेपाचे थर असतात आणि धुताना चांदीच्या जागी तीन रंगद्रव्ये तयार होतात : पिवळे, किरमिजी आणि निळसर-हिरवे. ही द्रव्ये सेंद्रिय असतात, कापडाच्या रंगासारखी विटतात. त्या काळच्या पुष्कळ कागदांवर अल्बमच्या अंधारातही निळसर-हिरवे द्रव्य सर्वांत आधी उडून जाई, आणि मागे उरलेल्या दोघांचा मिळून तांबूस रंग दिसतो. उष्णतेने हे विटणे वेगाने होते, म्हणून पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर ठेवलेला अल्बम लवकर जातो. चिकट पानांचा आणि प्लास्टिकच्या आवरणाचा अल्बम असेल तर त्याने भरच घातली असेल.

नेगेटिव्ह अजून जवळ असतील तर ते शोधावेत. नसतील तर तांबूस फोटोच चांगल्या स्कॅनरवर स्कॅन करून संगणकावर निळसर-हिरवा भाग वाढवता येतो. निम्मे उडालेले द्रव्य परत आणता येते, पूर्ण गेलेले नाही. आणि स्कॅन केलेली प्रत एकाच मोबाइलमध्ये ठेवू नये. कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जोडला तेव्हा दहा हजार ठिपक्यांचे एक काळेपांढरे चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत होती. ती कॅसेट वाचणारे यंत्र आज किती जणांकडे असेल? त्याच कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. लग्नाच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात, दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवाव्यात आणि त्यांतील दहा-बारा कागदावर छापून घ्याव्यात.

प्रश्न (एरंडोल) : माहेरी पडवीत एक लाकडी पेटी सापडली, तीत जुन्या काचा आहेत आणि त्यांवर उलट्या रंगाची माणसे दिसतात. टाकून द्याव्यात का?

उत्तर : मुळीच टाकू नयेत, त्या जिलेटिनच्या प्लेटा, म्हणजे काचेचे नेगेटिव्ह असणार. पाण्याने पुसू नयेत, ओल्या फडक्याने तर नाहीच, लेप सुटेल. फक्त कडांना धरून उचलाव्यात, मऊ कोरड्या ब्रशने काचेच्या बाजूची धूळ झटकावी, प्रत्येक काच स्वतंत्र साध्या कागदात गुंडाळावी आणि पेटीत आडव्या एकावर एक न रचता ताटे मांडतो तशा उभ्या ठेवाव्यात. कागदावर प्लास्टिकची पिशवी चढवू नये, पावसाळ्यात आत ओल धरते.

चित्र पाहायचे असेल तर लॅपटॉपवर कोरे पांढरे पान उघडावे, त्यावर तीन-चार इंच उंचीवर तेलकट किंवा दुधी कागद ताणून धरावा, म्हणजे पडद्याचे ठिपके दिसणार नाहीत, आणि त्यावर काच ठेवून वरून मोबाइलने फोटो काढावा. मग फोटो सुधारण्याच्या कोणत्याही अॅपमध्ये रंग उलटण्याची सोय असते ती वापरावी. काचेची चकचकीत बाजू मोबाइलकडे आणि मळकट बाजू खाली असावी. दुकानाच्या पाटीवरची अक्षरे उलटी आली तर काच पालथी ठेवली गेली आहे असे समजावे.